काळ्या मातीवर २० फुटी कंटेनर ठेवायचाय, पाया कसला करावा?

जामठेकर
नमस्कार मंडळी. नागपूरच्या वर्धा रोडला जामठ्याच्या पुढे स्वतःच्या जागेत २० फुटी जुना कंटेनर गोदाम म्हणून ठेवायचा आहे. आत ठिबकच्या नळ्या, पंप, पेरणीची अवजारं, थोडी खताची पोती. सगळं मिळून ८ ते १० टनांच्या वर जाणार नाही. माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जेसीबीवाला म्हणतो दोन टिप्पर बोल्डर टाका, वरून मुरूम मारा, झालं. मिस्त्री म्हणतो आख्खा आरसीसी स्लॅब ओता. कंटेनर विकणारा म्हणतो चार कोपऱ्यांखाली सिमेंटचे ठोकळे पुरतात. खर्च तीन टोकांचे. मृग लागायच्या आत काम उरकायचंय. जाणकारांनी सांगावं.

पायाभरणी
तिघांपैकी एकानेही मातीची खोली विचारलेली दिसत नाही, आणि नागपुरात सगळं तिथेच ठरतं.

वजनाचा हिशेब आधी उरकून टाकू. २० फुटी कंटेनर रिकामा असताना २.२ ते २.३ टन भरतो. १० टन माल धरला तर १२.३ टन, म्हणजे कोपऱ्याला ३ टनांच्या आसपास. माल कधीच सारखा रचला जात नाही, म्हणून कोपऱ्याला ५ टन धरा. घराचा एखादा साधा कॉलमही याहून जास्त भार उतरवतो. पावसाळ्यात भिजलेल्या काळ्या मातीला चौरस मीटरला ८ टनच धरले, तरी ८० × ८० सेंमीचं पॅड पुरतं.

म्हणजे कंटेनर जड आहे ही अडचण नाहीच, तो फार हलका आहे ही अडचण आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वर ढकलते. हा दाब चौरस मीटरला ५ टनांपासून २० टनांच्याही पुढे जाऊ शकतो. रिकामा कंटेनर आणि पॅडचं वजन मिळून त्या ८० × ८० वर चौरस मीटरला दोन-अडीच टन पडतात. माती त्याला सहज उचलते, आणि चारही कोपरे सारखे उचलत नाही. ज्या बाजूला पाणी साचतं तो कोपरा आधी आणि जास्त वर येतो. हिवाळा सरता सरता माती आकसते, तेव्हा तोच कोपरा खाली बसतो. दोन पावसाळ्यांत दार लागेनासं होतं.

तेव्हा आधी दोन गोष्टी शोधा. काळी माती किती खोल आहे आणि ती किती फुगते. जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर गड्डे घ्या, एकाच ठिकाणी नको. मधे काळ्या थराखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळट चिकण माती लागते. पुष्कळ लोक तिलाच मुरूम समजून तिथे थांबतात. तीही फुगते. ओळखायचं असेल तर मुठीएवढं ढेकूळ रात्रभर बादलीत ठेवा. मुरूम असेल तर दाणे वेगळे होतात आणि वरचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. चिकण असेल तर सकाळी नुसता चिखल.

फुगवटा मोजायला फ्री स्वेल इंडेक्सची चाचणी आहे, आयएस (भारतीय मानक) २७२० भाग ४०. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली माती १०-१० ग्रॅम दोन १०० मिलीच्या मोजपात्रांत घालतात. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी दोन्हीतली मातीची उंची वाचायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते आकारमान पायाभूत धरायचं आणि पाण्यातली वाढ त्याच्या टक्क्यांत काढायची. ५० टक्क्यांच्या वर गेलं की सावध. कुठल्याही सॉइल लॅबमध्ये हे स्वस्तात होतं, घरी रॉकेलसाठी धावपळ करू नका.

मुरूम_मिस्त्री
राजेहो, ते बोल्डरचं मी सांगतो. काळ्या मातीवर डायरेक्ट बोल्डर टाकला की पहिल्या पावसातच खालची माती लोण्यासारखी दगडांच्या फटींतून वर येते, अन् दगड खाली जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं मुरूम कमी पडला, म्हणून अजून एक टिप्पर. तो बी गिळते. जेसीबीवाल्याचं काय, त्याच्या फेऱ्या वाढतात.

बोल्डरच टाकायचे तर खाली आधी १०० मिमी चुरी किंवा जाड रेतीचा थर द्या, नाहीतर जिओटेक्सटाइल कापड अंथरा, म्हणजे चिखल वर चढत नाही. माझं मत विचाराल तर बोल्डर पाहिजेच कशाला? नुसता चांगला मुरूम थराथराने बसवला तर त्याहून घट्ट होतो.

मुरूमाच्या गादीची रीत अशी. कंटेनरच्या चारही बाजूंना एक-एक मीटर जास्त धरून ८ × ४.५ मीटर जागा आखा. दोन फूट काळी माती काढून फेका, ती परत भरू नका. खालचा तळ ओला करून रोलर मारा. मग १५० मिमीचा सैल थर, पाणी, रोलर. परत थर. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवला तर वरचे सहा इंचच दबतात, खाली सगळं पोकळ. पाणी किती, तर मूठभर मुरूम दाबला की गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी नाही निघालं पाहिजे. चार-पाच टनी व्हायब्रो रोलर मिळाला तर उत्तम, नाहीतर प्लेट कॉम्पॅक्टर. हाताच्या धुम्मसाने एवढी जागा होत नाही, कोणी हो म्हणत असेल तर तो तुम्हाला फसवून राहिला.

दोन फूट बसलेला मुरूम २१.६ घनमीटर होतो. सैल मुरूम दबून पाऊण-पट होतो, त्यामुळे १० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर) मागवा.

पायाभरणी
गादीच्या कृतीशी सहमत, एक पुस्ती जोडतो. मुरूमाच्या गादीत पाणी झटकन शिरतं. दोन फूट गड्डा खोदून त्यात मुरूम भरला म्हणजे काळ्या मातीत एक हौद तयार होतो. चहूबाजूंचं पाणी त्या हौदात येतं आणि तळाच्या काळ्या मातीला निवांत पाजलं जातं. म्हणून वरचा शेवटचा थर थोडा चिकणा मुरूम असावा, पृष्ठभाग आसपासच्या जमिनीपेक्षा ९ इंच ते १ फूट उंच असावा आणि कडांना उतार असावा. ही उंचीची भर वरच्या १० ब्रासात नाही, ती वेगळी धरा. जमीन सपाट असेल तर गादीच्या तळातून एका बाजूला पाणी निघून जाईल असा चर काढून द्या.

शंकासूर
मग चिकणा मुरूम चांगला की दाणेदार? दोन जण दोन सांगताहेत.

पायाभरणी
दोन्ही, वेगवेगळ्या कामाला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी सीएनएस थराची पद्धत बसवली. सीएनएस म्हणजे चिकटपणा असलेली पण न फुगणारी माती. तिचा साधारण मीटरभर थर वर बसवला तर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा बराच दबतो. नुसत्या रेतीने तसं होत नाही, कारण रेतीला चिकटपणा नाही. थोडा मातकट, हातात घेतल्यावर गोळा होणारा मुरूम या वर्णनाच्या जवळ जातो. पण 'मातकट' म्हणजे काळी माती मिसळलेला मुरूम नव्हे. खाणीवर वरचा थर न काढता भरलेला टिप्पर आला तर परत पाठवा.

जामठेकर
गड्डे घेतले. रस्त्याच्या बाजूला ४ फुटांवर मुरूम लागला, नाल्याच्या बाजूला साडेपाच फुटांवर. मधे पिवळी माती होती, बादलीतल्या परीक्षेत तिचा चिखल झाला. लॅबने पाण्यात २४ मिली, रॉकेलमध्ये १४ मिली लिहून दिलंय.

पायाभरणी
२४ वजा १४ म्हणजे १०, भागिले १४. ७१ टक्के. चांगलीच फुगणारी माती. पण मुरूम जेसीबीच्या आवाक्यात आहे ही जमेची बाजू. मुरूमापर्यंत जा, चार खांब उभे करा, काळ्या मातीला या भानगडीतून बाहेरच ठेवा. स्लॅब नको, गादी नको.

कृती लिहितो, मिस्त्रीला वाचून दाखवा.

चार गड्डे, प्रत्येकी १.१ × १.१ मीटर, मुरूमात १५० मिमी आत जाईपर्यंत. तुमच्याकडे दोन गड्डे १.३-१.४ मीटरचे होतील, दोन १.८ च्या आसपास. खोली वेगळी असली तरी चालते, चारही पाय मुरूमावर टेकले पाहिजेत. दोन मुरूमावर आणि दोन पिवळ्या मातीवर हे सगळ्यात वाईट. तळाचा सैल माल हाताने काढा. जेसीबीचे दात तळ उकरून ठेवतात, त्या भुग्यावर काँक्रीट ओतायचं नाही.

तळात १:४:८ चं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) १०० मिमी. त्यावर ८०० × ८०० × २५० मिमीची फुटिंग (पायाची बैठक), एम २० काँक्रीटची. जाळी १० मिमी सळईची, १५० मिमी अंतराने दोन्ही बाजूंनी, खाली ५० मिमी कव्हर. कव्हरला गिट्टीचा तुकडा नको, सिमेंटचे ठोकळे लावा. मधून ४५० × ४५० चा पेडेस्टल (म्हणजे खांब), १२ मिमीच्या ८ उभ्या सळया, ८ मिमीच्या रिंगा २०० मिमीवर. पेडेस्टल जमिनीच्या वर ३५० मिमी काढा.

यात एक गोष्ट हमखास राहते. पाय मुरूमावर असला तरी पेडेस्टलच्या अंगाला काळी माती चिकटलेली राहिली, तर फुगताना ती खांबाला धरून वर ओढते. म्हणून पेडेस्टलभोवती जाड पॉलिथिनचे दोन पदर गुंडाळा आणि गड्डा उकरलेल्या काळ्या मातीने नव्हे तर मुरूमाने भरा, १५० मिमीच्या थरांनी कुटून. वरचा एक फूट मात्र चिकण मुरूम, म्हणजे पावसाचं पाणी खांबाच्या कडेने खाली उतरणार नाही.

माल किती लागेल: १.३ मीटरच्या चार गड्ड्यांना एम २० काँक्रीट सुमारे १.७ घनमीटर, पीसीसी ०.५ घनमीटर. सिमेंट १६ गोण्या, खोल गड्ड्यांमुळे १८ धरा. रेती अर्धा ब्रास, गिट्टी पाऊण ब्रास, लोखंड १०० ते ११० किलो. उकरलेला माल अडीच ब्रासच्या वर निघेल, तो टाकायची जागा आधी ठरवून ठेवा.

मे महिन्यात ओतणार असाल तर पहाटे ओता. दुपारी ४५ अंशांत काँक्रीटमधलं पाणी मिस्त्री थापी फिरवेपर्यंत उडून जातं. मग तो वरून पाणी शिंपडून घोटतो आणि वरचा पापुद्रा सहा महिन्यांत निघतो. ओली बारदानं १० दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी. कंटेनर १४ दिवसांच्या आत ठेवू नका.

घरकुल_२२
एवढे चार गड्डे खोदण्यापेक्षा सहा इंची स्लॅब का नको? सगळा कंटेनर एकत्र वर-खाली होईल, दार अडकणार नाही. फरशी मिळेल ती वेगळी.

पायाभरणी
स्लॅब एकत्र वर-खाली होत नाही, ताई. पावसाळ्यात कडेची माती आधी भिजते, स्लॅबखालची मधली कोरडीच असते. कडा उचलल्या जातात, स्लॅब बशीसारखा होतो. पुढच्या काही वर्षांत मधे ओल साठून राहते, कारण स्लॅबने बाष्पीभवन अडवलेलं असतं. मग उन्हाळ्यात कडा वाळून आकसतात आणि मधला भाग फुगीर राहतो. कंटेनरचं वजन चार टोकांवर, म्हणजे नेमकं या हलणाऱ्या कडांवर. सहा इंची, एका जाळीचा स्लॅब तिथे तडकतो. हे सोसायला कडेने आणि मधून बीम लागतात, आणि त्या खर्चात चार पाय दोनदा होतात.

मुरूम एक-दीड फुटावर असेल, हिंगणा रोड किंवा काटोल रोडच्या माथ्यावरच्या बऱ्याच जागांसारखा, तर काळी माती सगळी खरवडून स्लॅब करायला हरकत नाही. तिथे आत-बाहेर गाडी ढकलायची असेल तर स्लॅबच सोयीचा.

दगडमाती
शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे, पूर्वेकडे जुने ग्नाइससारखे खडक आणि कामठी-कन्हानच्या अंगाला नदीचा गाळ. त्यामुळे 'नागपुरात मुरूम इतक्या फुटांवर लागतो' असं कोणी ठोकून सांगितलं तर ऐकू नका. पश्चिमेलासुद्धा टेकाडावर हातभर खणलं की मुरूम आणि त्याच टेकाडाच्या पायथ्याला, नाल्याकाठी दोन पुरुष काळी. जामठेकरांच्या एकाच प्लॉटमध्ये दीड फुटाचा फरक निघालाच की.

अजनी_यार्ड
आता कंटेनरच्या बाजूने सांगतो. पाया कितीही भक्कम असो, मापं चुकली तर हायड्रा (उचलायची क्रेन) उभा राहील आणि तासाचं भाडं चालू राहील.

कंटेनरची बाहेरची लांबी ६.०५८ मीटर, रुंदी २.४३८. पण पेडेस्टलचे मध्य या मापावर घ्यायचे नाहीत. कॉर्नर कास्टिंगच्या (कोपऱ्यांवरच्या ओतीव पोलादी ठोकळ्यांच्या) भोकांचे मध्य लांबीत ५.८५३ आणि रुंदीत २.२५९ मीटरवर असतात. पेडेस्टलची आखणी याच मापाने. कर्ण ६.२७४ मीटर आला पाहिजे, दोन्ही कर्ण ५ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. कॉर्नर कास्टिंग खालच्या रेलपेक्षा साधारण १२ मिमी खाली असते, म्हणजे कंटेनर चारच बिंदूंवर टेकतो. तो तसाच टेकण्यासाठी बनवलेला असतो. मधे कुठेही ठोकळा ठेवून 'आधार' देऊ नका. मधला ठोकळा चुकून उंच झाला तर तळाचे आडवे पत्रे वाकतात आणि प्लायची फरशी उसळते.

आता लेव्हल. लोक पाणसळ धरून एक-एक पेडेस्टल सपाट करतात आणि खूश होतात. चारही माथे एकाच पातळीत हवेत हे बरोबर, पण त्याहून कडक नियम असा की चारही एकाच प्रतलात हवेत. सगळा कंटेनर एका बाजूला २० मिमी कलला तरी दार व्यवस्थित लागतं. तीन कोपरे बरोबर आणि चौथा १५ मिमी खाली असेल तर चौकट पिळते, आणि दाराच्या उभ्या दांड्यांचे कॅम चौकटीच्या खाचांत बसत नाहीत. तपासायला दोन बारीक दोऱ्या घ्या. समोरासमोरच्या पेडेस्टलांच्या माथ्यांवरून कर्णांवर ताणून बांधा. मधोमध दोन्ही दोऱ्या एकमेकींना नुसत्या शिवल्या पाहिजेत. मधे फट दिसली किंवा एक दोरी दुसरीला दाबत असेल तर पीळ आहे. लांब अंतरावर पातळी घ्यायला पारदर्शक लेव्हल नळी उत्तम, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

पेडेस्टलच्या माथ्यावर २०० × २०० × १२ ची लोखंडी प्लेट बसवा, खाली १२ मिमीच्या चार सळया वेल्ड करून काँक्रीटात सोडलेल्या. मग ६ आणि १० मिमीच्या पॅकिंग प्लेटा जवळ ठेवा. ओतताना माथे १० मिमी कमी ठेवलेले परवडतात, जास्त झालेले छिन्नीने फोडावे लागतात.

शंकासूर
थोडा उतार मुद्दाम ठेवावा का? छतावर पाणी साचतं म्हणतात.

अजनी_यार्ड
ठेवा. दाराकडे १५ ते २० मिमी, पूर्ण लांबीत. दोन्ही मागचे कोपरे सारखेच उंच, म्हणजे पीळ येत नाही. दाराचं रबर जुनं असेल आणि आत पाणी आलंच, तर ते मागे न साचता दारातून बाहेर येतं. जुन्या कंटेनरच्या छताला खड्डे असतील तर मात्र हा उतार पुरणार नाही, आतून ठोकून काढावे लागतील.

वारा_वावटळ
वाऱ्याचं कोणी बोललं नाही. आयएस ८७५ भाग ३ मध्ये नागपूरला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. त्याचा दाब ०.६ × ४४ × ४४, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन. लांब बाजूचं क्षेत्र १५.७ चौरस मीटर, आकाराचा गुणक १.२ धरला तर २.२ टनांचा आडवा धक्का. तो मध्यावर, १.३ मीटर उंचीवर लागतो, म्हणजे उलटवणारा मोमेंट २.८-२.९ टन-मीटर. रिकाम्या कंटेनरचा रोधक मोमेंट २.३ टन गुणिले अर्धी रुंदी १.२२, तोही २.८ टन-मीटर. बरोबरी. सुरक्षिततेला काहीच शिल्लक नाही. भरलेल्याला चिंता नाही, पण एप्रिल-मेची वादळं नेमकी हंगामाआधी, गोदाम रिकामं असताना येतात. उघड्या वावरात अडवायला इमारतीही नसतात.

अजनी_यार्ड
बरोबर, बांधलाच पाहिजे. पण कास्टिंग प्लेटला सरळ वेल्ड मारू नका, पुढे पॅकिंग बदलायची वेळ आली की कापत बसावं लागतं. पेडेस्टलच्या बाहेरच्या अंगाला, माथ्यापासून २५० मिमी खाली, १६ मिमी सळईचा यू-हुक काँक्रीट ओतायच्या आधीच सोडून ठेवा. कास्टिंगच्या बाजूच्या भोकात डी-शॅकल (डी आकाराची कडी), मधे टर्नबकल (फिरवून ताणायचा स्क्रू). हाताने घट्ट, मग एक फेरा. चारही कोपऱ्यांना. कंटेनर जागेवरून सरकू नये म्हणून प्लेटवर कास्टिंगच्या दोन बाजूंना अँगलचे तुकडे वेल्ड करा, मधे ३ मिमी मोकळं सोडून. उन्हाळ्यात पत्रा तापतो, ४० अंशांच्या फरकाला २० फुटांत ३ मिमी वाढ होते.

संत्रावाला
रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्तात मिळत आहेत. त्यावर ठेवला तर?

मुरूम_मिस्त्री
वाळवी, भाऊ. काळ्या मातीत लाकूड टेकलं की तिचं आवतणंच. अन् स्लीपर जमिनीला चिकटून असल्यानं कंटेनरच्या खाली वारा खेळत नाही, तळाला ओल धरते. सहा महिन्यांसाठी साइटवर ठेवायचा असेल तर मुरूमाच्या गादीवर स्लीपर ठीक. कायमचं काम नाही ते. सिमेंटचे मोकळे ठोकळे त्याहून वाईट, एकावर एक रचले की सरकतात, अन् त्यांची पोकळ बाजू आडवी ठेवली तर फुटतात.

दगडमाती
तळ कोरडा ठेवायचं आणखी एक कारण. कंटेनरचा पत्रा कॉर्टेनचा (हवामानाला टिकणाऱ्या पोलादाचा) असतो. तो भिजून वाळत राहिला तर गंजाचा थर घट्ट बसतो आणि पुढचा गंज मंदावतो, पण कायम ओला राहिला की साध्या लोखंडासारखाच खात जातो. खताची पोती आत असतील तर आणखी जपा. युरिया हवेतली ओल ओढतो, सांडलेला युरिया फरशीच्या फटीतून तळाच्या आडव्यांवर जातो. पोती लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब.

घरकुल_२२
३५० मिमी उंच ठेवला तर खाली साप-विंचू जाऊन बसतील ना?

मुरूम_मिस्त्री
बसतात ते अंधारात, गवतात, अडगळीत. खाली गवत उगवू देऊ नका, उरलेले पाइप अन् लाकडं खाली सरकवू नका. बाजूनं जाळी लावायची तर लावा, पण विटांची भिंत घालून बंद नका करू, वारा अडतो.

पायाभरणी
आता पाणी. २० फुटी छताचं क्षेत्र १४.८ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे पंधरा हजार लिटरच्या वर पाणी दोन लांब बाजूंनी थेट पेडेस्टलच्या पायाशी पडतं. मुरूमावर पाय टेकवूनही चर काढायचा तो यासाठी. कंटेनरभोवती एक मीटर रुंद पट्टा चिकण मुरूमाचा, बाहेर ४० ला १ उतार, त्यापलीकडे उथळ चर, नाल्याकडे वळवलेला. पन्हाळ लावून टाकीत पाणी घेतलं तर उत्तमच, पण टाकी पेडेस्टलला लागून ठेवू नका, तिची गळती वर्षभर चालते. कडुनिंब, निलगिरी, बाभूळ यांच्यापासून झाडाच्या उंचीएवढं अंतर ठेवा. मुळं उन्हाळ्यात माती एका बाजूने वाळवतात आणि तेवढीच बाजू खाली बसते.

मौदा_शिवार
आमच्याकडे १० फुटांवरही काळीच. मुरूमाचं नाव नाही. मग?

पायाभरणी
दोन मार्ग आहेत. पक्का मार्ग अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाजवळ फुगीर बल्ब असलेला काँक्रीटचा खांब. २५० किंवा ३०० मिमी व्यासाचं भोक ऑगरने, तळाजवळ रीमरने व्यासाच्या अडीचपट बल्ब. आयएस २९११ भाग ३ प्रमाणे फुगणाऱ्या खोल मातीत लांबी किमान ३.५ मीटर, कारण त्याखाली ओलाव्याचा हंगामी चढउतार फारसा पोहोचत नाही. बल्ब नांगरासारखा धरून ठेवतो, त्यामुळे वरची माती फुगली तरी पाइल उपटत नाही. सळया पूर्ण लांबीच्या हव्यात, कारण इथे ताण ओढण्याचा आहे. एका कंटेनरपुरतं ऑगरवाल्याला बोलावणं मात्र महाग पडतं.

दुसरा मार्ग हलू द्या आणि दुरुस्तीची सोय ठेवा. वर सांगितलेली मुरूमाची गादी, पण दोनऐवजी तीन फूट. तिच्यावर मीटर × मीटरची आरसीसी पॅड, २०० मिमी जाड, त्यांवर ३५० मिमीचे पेडेस्टल. गादीखालच्या वरच्या एक फूट काळ्या मातीत ४ टक्के विझवलेला चुना मिसळून, भिजवून, दाबून घेतला तर फुगवटा बराच उतरतो. ३६ चौरस मीटरला ६५० किलोच्या आसपास चुना लागेल. कोराडीची राख फुकटात मिळते म्हणून नुसती तीच मिसळू नका, ती चुन्याशिवाय स्वतःहून धरत नाही.

अजनी_यार्ड
दुरुस्ती अशी. दसरा-दिवाळीच्या दरम्यान एकदा आणि मे अखेर एकदा चारही माथे नळीने तपासायचे. ८ मिमीच्या आत फरक असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर टर्नबकल सैल करा, पडलेल्या कोपऱ्याजवळ खालच्या रेलखाली १० टनी बॉटल जॅक लावा. जॅकखाली जमिनीवर जाड लाकडी फळी आणि तिच्यावर लोखंडी प्लेट, नाहीतर कंटेनर उचलण्याऐवजी जॅकच मातीत जातो. रेल आणि जॅकच्या मधेही प्लेट हवी. पाच-सहा मिमी उचललं की पॅकिंग सरकवा. कोणीही कंटेनरखाली डोकं घालायचं नाही, प्लेट लांब सळईने ढकलायची. ३५० मिमी उंची ठेवायची ती जॅक बसावा म्हणूनही.

जामठेकर
सगळ्यांचे आभार. चार पेडेस्टल मुरूमापर्यंत, हे ठरलं. ट्रेलर आणि हायड्रा आत कसा घ्यायचा? पुढे ४० फुटी आणायचा झाला तर हेच पाय चालतील का?

अजनी_यार्ड
ट्रेलर रस्त्याच्या बाजूच्या पायांकडून आणा, भरलेल्या गड्ड्यांवरून चाक जाऊ देऊ नका. १२-१४ टनी हायड्राला रिकामा २० फुटी जड नाही, पण बूम लांब केला की ताकद झपाट्याने उतरते, म्हणून हायड्रा कंटेनरच्या बाजूला जवळ उभा राहील एवढी मोकळी, कोरडी जागा ठेवा. वर विजेची तार असेल तर आधी वीज बंद करून घ्या, अंदाजावर काम नको. एक पाऊस पडून गेला असेल तर आठवडाभर थांबा, काळ्या मातीत रुतलेला हायड्रा काढायला दुसरा हायड्रा लागतो. दार कुठल्या दिशेला हे ट्रेलरवर कंटेनर चढवायच्या आधीच यार्डात सांगा, जागेवर हवेत फिरवायला जागा मिळत नाही.

४० फुटीला रुंदीचं माप तेच, २.२५९. लांबीत मध्य ११.९८५ मीटर, कर्ण १२.१९६. म्हणजे दोन पाय तेच राहतील, पलीकडे दोन नवे लागतील. रिकामं वजन ३.७ ते ३.९ टन, उष्णतेची वाढ ६ मिमी, तेव्हा अँगल एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला ८ मिमी मोकळे. ४० फुटी पुढे येणार हे नक्की असेल तर आत्ताच जेसीबी आहे तोवर ते दोन गड्डेही मुरूमापर्यंत खोदून पीसीसी आणि फुटिंग करून घ्या. पेडेस्टलच्या सळया वर सोडून त्यांना सिमेंटचा पातळ लेप द्या, म्हणजे गंजणार नाहीत.

पायाभरणी
फक्त ते दोन गड्डे नाल्याच्या बाजूला येत असतील तर साडेपाचपेक्षाही खोल जायची तयारी ठेवा, आणि पाच फुटांच्या खाली माणूस उतरवताना बाजूंना फळ्यांचा आधार द्या किंवा गड्ड्याच्या कडा उतरत्या कापा. वाळलेली काळी माती भेगांवरून अख्खीच्या अख्खी ढासळते.

जामठेकर
नाल्याकडेच येतात. सोमवारी जेसीबी येतोय, आधी तिथे एक गड्डा घेऊन बघतो आणि खोली इथे टाकतो.